गाडीच्या रंगाची निगा: मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात आमचं डिटेलिंगचं, म्हणजे गाडी खोलवर साफ करून रंगाला पॉलिश-कोटिंग करण्याचं, छोटं वर्कशॉप आहे. शहरातल्या गाड्या तर येतातच, शिवाय जालना, बीड, परभणी, अगदी लातूर-नांदेडहूनही लोक गाडी घेऊन येतात. गाडीच्या निगेचे व्हिडिओ करणारे सांगतात तो सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. त्यांच्याकडे नळाला धो-धो पाणी आणि गाडीला सावली असते. आपल्याकडे धूळ, बोअर आणि मे महिना. रोज फोनवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा बऱ्याच ठिकाणी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

वॉशिंग सेंटरवर तासाभरात गाडी चकाचक होती. तुमच्याकडं तीन दिवस कामून लागतात?

तिथे गाडीवरची माती निघते. इथे रंगात रुतलेलं काढावं लागतं. आधी फोम मारून धुणं, मग लोखंडाचे कण विरघळवणारं केमिकल, मग डांबराचे ठिपके, मग क्ले. क्ले म्हणजे घट्ट मळलेल्या कणकेसारखा गोळा, तो साबणाच्या पाण्यावरून गाडीभर फिरवतात. त्यानंतर प्रखर उजेडात तपासणी, मीटरनं रंगाची जाडी मोजणं, रबर-प्लास्टिकला टेप लावणं, आणि मग कुठे मशिन हातात येतं. मध्यम आकाराच्या गाडीचं दोन टप्प्यांचं पॉलिश म्हणजे दोन माणसांचा अख्खा दिवस. वर सिरॅमिक, म्हणजे रंगावरचा काचेसारखा संरक्षक थर, असेल तर तो बसायला आणखी एक दिवस. नुसतं हलकं पॉलिश आणि वॅक्स हवं असेल तर सकाळी सोडलेली गाडी संध्याकाळी घेऊन जा.

गाडीचा रंग असतो तरी किती जाड?

कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे फार तर दोन केस. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो. त्यासाठी गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून त्यातून वीज सोडतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपल्याकडचे पेंटर लॅकर म्हणतात. चकाकी असते ती या लॅकरची, आणि तो जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन.

हे सगळं सांगायचं कारण असं की पॉलिश म्हणजे लॅकर घासून पातळ करणं. ओरखड्याच्या कडा खाली आणल्या की तो दिसेनासा होतो. एका कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे जोरदार घासणाऱ्या पॉलिशमध्ये (लोक त्याला रबिंग म्हणतात), दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. "दर सहा महिन्याला रबिंग मारून द्या" असं कुणी म्हटलं की मी त्यांना मीटर लावून आकडा दाखवतो. बँकेत ठेव संपत आली की माणूस जसा गप्प होतो, तसे ते गप्प होतात.

सुरुवातीच्या वर्षात माझ्या हातून एका काळ्या सेडानच्या बोनेटची कड जळाली आहे. रोटरी मशिन, लोकरीचं पॅड आणि 'अजून एक हात मारू' ही हाव. पांढऱ्या लोकरीवर काळं उतरलेलं दिसलं तेव्हा मशिन बंद केलं, पण तोवर दोन इंचाची कड राखाडी पडली होती. तो प्रायमर होता. बोनेट पदरच्या पैशानं रंगवून दिलं. कडेवर रंग आधीच पातळ बसलेला असतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या अरुंद धारेवर येतो. तेव्हापासून कडांना टेप लावल्याशिवाय आमच्याकडे मशिनचं बटण दाबत नाहीत.

गाडी घेऊन चारच महिने झालेत. उन्हात पाहिलं की कोळ्याचं जाळं दिसायलंय. कंपनीचा रंगच हलका आहे का?

रंग हलका नाही, फडकं वाईट आहे. ते जाळं खरं तर गोल नसतंच. हजारो बारीक रेघा वेड्यावाकड्या सगळ्या दिशांना असतात. सूर्याचं किंवा ट्यूबचं प्रतिबिंब जिथे पडतं, त्याच्याभोवतीच्या आडव्या रेघाच तेवढ्या चमकतात, म्हणून गोल जाळं दिसतं. रात्री मोबाईलची बॅटरी बोनेटवर धरून सरकवा, जाळं बॅटरीबरोबर सरकेल. काळ्या, गडद निळ्या, मरून गाड्यांवर ते लगेच दिसतं. पांढऱ्यावरही तेवढंच असतं, फक्त झाकलेलं राहतं.

पुष्कळदा पहिल्या रेघा डिलिव्हरीच्या दिवशीच पडतात. गाडी यार्डात महिनाभर धूळ खात उभी असते, आणि पूजेच्या तासभर आधी घाईघाईत तिच्यावर कोरडं कापड फिरतं. नवी गाडी घेणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: शोरूमला आदल्या दिवशी कळवा, "गाडी धुऊ नका, पुसू नका, आहे तशी द्या." त्यांना नवल वाटेल, वाटू द्या.

मग रोज सकाळी गाडी पुसायची नाही? सोसायटीत माणूस लावलाय, महिन्याचे पैसे देतो.

माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही, पण इतक्या वर्षांत ते बदललेलं नाही. त्या माणसाला पैसे द्या, पण काचा आणि पायपुसणी करायला सांगा. पत्र्याला हात लावू देऊ नका.

त्याच्याकडे काय असतं बघा. अर्धी बादली पाणी, त्यात बुडवून पिळलेलं एक जुनं बनियन, आणि त्याच पाण्यात ओळीनं पंधरा गाड्या. चौथ्या गाडीपर्यंत पाणी गढूळ होतं. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नसते. खडी क्रशरची भुकटी असते, सिमेंट रस्त्यांची असते, ट्रकच्या चाकांखाली दळलेली वाळू असते. वाळूतला गारगोटीचा कण काचेवर ओरखडा काढू शकतो. लॅकर तर शेवटी प्लास्टिकसारखाच. ओलसर फडक्याखाली तो कण सापडला की बोनेटभर नांगर फिरतो. असं आठवड्यातून सहा दिवस, वर्षातून तीनशे दिवस.

नुसती बसलेली धूळ रंगाला काही करत नाही. ती बसू द्या. गाडी मळकी दिसली तर शेजारी काय म्हणतील, हा प्रश्न माझ्या हातातला नाही. तसंच पोरांनी धुळीत बोटानं नाव लिहू नये म्हणून लक्ष ठेवा. मागच्या उन्हाळ्यात आलेल्या एका राखाडी एसयूव्हीच्या डिकीवर गाडी धुतल्यावरही 'पप्पाची परी' वाचता येत होतं. बोटाखालच्या धुळीनं अक्षरं लॅकरमध्ये कोरली होती. पॉलिशनं ती गेली, पण 'परी'ची वेलांटी अजून तिरप्या उजेडात दिसते. पप्पांना ती मुद्दाम दाखवली, तर म्हणाले, "राहू द्या."

आमच्याकडं आठ दिवसाला पाणी येतंय. गाडी धुवायची कशानं?

या भागात हा प्रश्न टिंगलीचा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत पाइप लावून गाडी धुणारा माणूस डोळ्यात खुपतो, आणि खुपायलाच हवा.

दहा लिटरच्या एका बादलीत गाडी नीट धुता येते. रिन्सलेस वॉश नावाचं द्रव मिळतं. ते बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पाण्यात टाकायचं. त्यातले घटक धुळीच्या कणाभोवती बुळबुळीत आवरण करतात, त्यामुळे कण घासत न जाता कापडात उचलला जातो, आणि नंतर पाण्यानं विसळावं लागत नाही. त्यातलंच लिटरभर पाणी हातपंपाच्या फवारणीच्या बाटलीत भरा. झाडांना मारतो तीच बाटली चालेल, पण औषधाची जुनी नको. एका दाराएवढ्या भागावर भरपूर फवारा, मिनिटभर थांबा. मग बादलीत भिजवलेला मायक्रोफायबर चौघडी करून, दाब न देता, एका सरळ रेषेत वरून खाली ओढा. घडी उलटा, पुढचा पट्टा. एका कापडाच्या अशा आठ बाजू होतात. आठही संपल्या की कापड बाजूला टाकायचं, ते परत बादलीत घालायचं नाही. छोट्या गाडीला सहा-सात कापडं लागतात. आधी छत, मग काचा आणि बोनेट, मग दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा एक हात आणि बंपर सगळ्यात शेवटी, कारण खरी वाळू तिथे असते.

गाडी चिखलानं भरलेली असेल तर ही पद्धत वापरू नका. तिथे आधी पाण्याची धारच लागते. प्रेशर मशिन मात्र घरच्या पाइपपेक्षा कमी पाणी खातं, हे बहुतेकांना उलटं वाटतं.

बोअरच्या पाण्यानं धुतली की काळ्या गाडीवर पांढरे ठिपके उरतात. काय करावं?

ते पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. तुमच्या बादलीला आणि नळाच्या तोटीला जो पांढरा थर धरतो, तोच हा. चार दिवसांचा असेल तर निघतो: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, गाडी सावलीत आणि पत्रा गार, ओलं कापड ठिपक्यावर एक-दोन मिनिटं ठेवायचं, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन टाकायचं. घासायचं नाही. महिनोन्‌महिने उन्हात भाजलेला ठिपका लॅकरमध्ये खड्डा करतो, तो मग पॉलिशशिवाय जात नाही.

ठिपके पडूच नयेत म्हणून सूर्य कलल्यावर धुवा आणि वाळायच्या आत पुसून घ्या. शेवटच्या हाताला एसीचं थेंब-थेंब जमलेलं पाणी वापरा. ते हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. दोन दिवसांत बादली भरते. आरओचं बाहेर पडणारं पाणी मात्र चुकूनही नको. "वाया जातंय म्हणून गाडीला वापरतो," असं अभिमानानं सांगणारे खूप भेटतात. पण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशीला वापरा.

पांढऱ्या गाडीवर तांबूस टिपके आलेत. पत्रा गंजायला लागला का?

जालन्याची गाडी आहे का? हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि बऱ्याचदा उत्तर "हाव" असं येतं. जालना म्हणजे सळईचं गाव. पोलादाच्या कारखान्यांभोवतीच्या हवेत लोखंडाचे अगदी सूक्ष्म कण असतात, ते गाडीवर बसतात, उन्हात तापून लॅकरमध्ये रुततात आणि दमट हवेत गंजतात. गंजतो तो बाहेरून आलेला कण, तुमचा पत्रा नाही. रेल्वे मार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर असेच टिपके असतात, आणि थोडेफार तर सगळ्याच गाड्यांवर, कारण ब्रेक डिस्कही झिजून लोखंडच उडवतात.

यासाठी एक फवारा असतो. मारला की दोन-तीन मिनिटांत पारदर्शक थेंब जांभळे होतात आणि दारावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. गिऱ्हाईक समोर उभं असेल तर घाबरतंच. वासही वाईट, ब्युटी पार्लरमध्ये केस सरळ करायच्या औषधाला येतो तसा, आणि तो योगायोग नाही. दोन्हींत एकाच जातीचं रसायन असतं. केमिकल वाळू द्यायचं नाही, लगेच धुवायचं.

आपल्या गाडीला याची गरज आहे का, हे घरी बघता येतं. गाडी धुऊन झाली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. पिशवीतून रवाळ लागलं की समजा कण आहेत. नुसत्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं.

परळीकडं असतो, गाडीवर राख पडते.

औष्णिक केंद्राची राख असो की गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडणारी काजळी, नियम एकच: हात लावू नका. आधी हवेनं किंवा पाण्याच्या धारेनं उडवा. राखेवर ओलं फडकं फिरवणं म्हणजे भांडी घासणं.

पाखरांची घाण किती दिवस चालते?

दिवस नाही, तास मोजा. हिवाळ्यात रात्रभर राहिली तर निभावतं. एप्रिल-मे मध्ये गडद रंगाचं बोनेट साठ अंशांच्या वर तापतं. लॅकर थोडा मऊ पडून फुगतो, संध्याकाळी गार होताना त्या वाळलेल्या घाणीला धरून आकसतो, त्यात आम्लही असतं. मग धुतल्यावरही तिथे सुरकुतलेला ठसा राहतो. गाडीत एक पाण्याची छोटी बाटली आणि चार टिश्यू ठेवा. टिश्यू ओला करून वर पाच मिनिटं ठेवा, घाण मऊ झाली की चिमटीनं उचला. नखानं खरवडू नका.

झाडाखाली लावलेली बरी ना, ऊन तरी लागत नाही?

कडुनिंबाखाली ठीक आहे, काड्या-फुलं पडतात तेवढीच. आंब्याखाली मोहोराच्या दिवसांत लावू नका. तुडतुडे चिकटा सोडतात, त्यावर धूळ बसते, दोन दिवसांत गाडी गुळाच्या ढेपेसारखी चिकट होते. कोमट पाणी आणि शाम्पूनं निघतो, पण ताजा असेपर्यंतच.

नवीन गाडीची पूजा केली. बोनेटवरचं स्वस्तिक काही केल्या निघंना.

पूजा करू नका असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. आमच्या मशिनलाही दसऱ्याला हळद-कुंकू लागतं. फक्त जागा बदला. स्वस्तिक काचेवर काढा. काचेवरून ते सहज निघतं, आणि समोरून छानही दिसतं. बोनेटवरच हवं असेल तर आधी एक हात वॅक्सचा द्या, आणि संध्याकाळपर्यंत पाण्यानं धुऊन टाका.

हळद आणि कुंकू यांचं वागणं वेगळं. हळदीचा डाग उन्हानं आपोआप फिका पडतो, त्यामुळे त्याच्याशी फार झटू नका. त्याला साबण लावलात तर तो लाल होतो आणि तुम्ही उगीच घाबरता. लुगड्यावर सांडलेल्या आमटीचंही असंच होतं. बाजारच्या कुंकवात मात्र बऱ्याचदा कृत्रिम रंग असतो. तेलात किंवा पाण्यात कालवून लावलं आणि आठ दिवस मिरवलं, तर पांढऱ्या गाडीवर गुलाबी सावली राहते. ती हलक्या पॉलिशनं जाते. नारळ गाडीच्या नाकासमोर दगडावर फोडा, बंपरवर नको. हसू नका, टवका उडालेले दोन बंपर आम्ही पाहिलेत.

लग्नाच्या गाडीचं त्याहून अवघड. फुलांच्या माळा सुतळीनं बांधतात, ऐंशीच्या वेगानं ती सुतळी पत्र्यावर करवतीसारखी चालते. सेलोटेप उन्हात वितळून चिकट पट्टे राहतात. ते ब्लेडनं खरवडण्याआधी फोन करा. केस वाळवायच्या मशिननं ऊब देऊन टेप सावकाश सोलला की अर्धं काम होतं, उरलेला चिकटपणा टार रिमूव्हरनं जातो.

आणि गुलाल! निवडणुकीचा निकाल लागला की आठवडाभर आमच्याकडे गुलालाच्या गाड्या. इथे सगळे एकच चूक करतात, सरळ पाणी मारतात. कोरडा गुलाल भुकटी असतो, ओला झाला की तो रंग होतो. मग तो रबरात, दारांच्या फटीत, सीटच्या शिवणीत उतरतो. आधी हवेचा फवारा किंवा ब्लोअर घेऊन जेवढा उडेल तेवढा उडवा. आत व्हॅक्यूम. त्यानंतर भरपूर पाणी, एकदम. निवडून आलेल्यांच्याच गाड्या येतात, त्यामुळे बिलाची घासाघीस होत नाही.

काळ्या रानातून गाडी काढली, चिखल वाळून दगड झालाय.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून पत्र्याला गच्च धरते. उचकटून काढली की सोबत लॅकरही घासला जातो. फवारणीच्या बाटलीनं ओली करा, दहा मिनिटं चहा घ्या, परत ओली करा. मग धार. मडगार्डच्या आतली माती विसरू नका. ती ओल धरून ठेवते आणि गंज तिथून आतून सुरू होतो.

समृद्धीवरनं नागपूरला जाऊन आलो, पुढचा भाग किड्यांनी भरलाय.

७०१ किलोमीटरचा महामार्ग, गाड्यांना १२० पर्यंत वेगमर्यादा, आणि संध्याकाळनंतर दोन्ही बाजूंच्या शेतांतून दिव्यांकडे झेपावणारे किडे. किड्यांच्या अंगातला रसही आम्लधर्मी असतो. घरी पोहोचल्या दिवशी जमलं तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत ओला टॉवेल बंपरवर दहा मिनिटं पांघरा आणि मग धुवा. जाळीदार घासणी वापरू नका. महिन्यात चार-चार फेऱ्या करणाऱ्यांनी पुढच्या भागाला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, लावून घ्यावी; उडणाऱ्या खडीला दुसरं औषध नाही.

वॅक्स, सीलंट, सिरॅमिक, पीपीएफ… यातलं घ्यावं तरी काय?

वॅक्स म्हणजे बहुतेकदा कार्नोबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. दिसायला सगळ्यात सुंदर, ओलसर खोली देतं. पण आपल्या उन्हात ते महिना-दीड महिन्यात उतरतं. ज्याला रविवारी दोन तास गाडीशी खेळायला आवडतं त्यानं खुशाल वॅक्स करावं. सीलंट कृत्रिम, चार-सहा महिने जातं, स्वस्त, आणि माझ्या मते बहुतेक कुटुंबांच्या गाड्यांना तेवढं पुरतं. हे सांगितल्यावर आमचं बिल कमी होतं, पण खरं तेच आहे.

सिरॅमिक हा सिलिकॉनच्या संयुगांचा काचेसारखा कठीण थर. जाडी मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या सत्तराव्या हिश्श्याएवढी. त्यानं धूळ आणि पाणी चिकटत नाही, क्षार आणि विष्ठा लगेच आत शिरत नाही, धुणं सोपं होतं. ओरखडे थांबत नाहीत. पॅकेटवर '९एच' लिहिलेलं असतं आणि विकणारा म्हणतो हिऱ्याच्या खालोखाल. हिऱ्याची मोजपट्टी वेगळी. हा आकडा पेन्सिलीचा आहे. ठरावीक वजनाखाली ९एच पेन्सिल ओढून थराला चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिल शेवटी ग्रॅफाइट आणि माती. तुमच्या किल्लीशी तिची तुलना करू नका. पाच-सात वर्षांची हमी ऐकाल. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर दोन-तीन वर्षं चांगली गेली तर मी समाधान मानतो.

पीपीएफ ही दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. खडी, किल्ली, मोटारसायकलचं हँडल, यांच्याशी खरी झुंज तीच देते, आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हानं आपोआप भरून येतात. विचारताना एक शब्द लक्षात ठेवा: टीपीयू, म्हणजे रबरासारखं लवचिक प्लास्टिक. स्वस्तात मिळते ती पीव्हीसीची असते, ती उन्हात पिवळी पडते. खर्च सिरॅमिकच्या कित्येक पट. पूर्ण गाडीऐवजी बोनेट, पुढचा बंपर, आरसे आणि दारांच्या मुठींमागचे खळगे एवढ्यालाच लावलीत तरी बरंचसं साधतं.

शोरूमवाले टेफ्लॉन कोटिंग करून देतो म्हणतात.

तव्यावरचं टेफ्लॉन बसवायला भट्टी लागते. तो पदार्थ वितळतो ३२७ अंशांना. तुमच्या बोनेटवर हातानं चोळून ते तसं बसणार नाही. जे लावतात ते चांगल्यापैकी पॉलिश किंवा सीलंट असतं. सीलंटच्या भावात मिळालं तर घ्या.

सिरॅमिक केलं की धुवायची कटकट मिटली ना?

मिटली नाही, कमी झाली. उलट बोअरचं पाणी असेल तर कोटिंगवर ते मोत्यासारखे गोल थेंब धरतं आणि प्रत्येक थेंबाचा एक ठिपका होतो. पुसून घ्याच. आणि पहिले सात दिवस शाम्पू नको.

ओरखड्यावर टूथपेस्ट चालते का?

नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा लॅकरमध्ये आहे, पॉलिशनं जाईल. अडकलं तर खाली उतरलाय, पॉलिशनं फक्त कडा मऊ होतील, टचअप (तेवढ्याच जागी रंग भरणं) लागेल. पांढरा पत्रा दिसला तर आठवडाभरात टचअप करा, पावसाळ्याआधी नक्की. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असतेच, त्यामुळे ओरखडा पुसट होतो हे खरं, पण भोवती धुरकट वर्तुळ पडतं. आणि आम्हाला ओरखड्याऐवजी ते वर्तुळ काढत बसावं लागतं.

आमचा ड्रायव्हर डिझेलचं फडकं मारतो, काय चमक येते!

तेलकट चमक येते, वर धूळ दुप्पट चिकटते, दाराचं रबर फुगतं आणि आधीचं वॅक्स निघून जातं. रॉकेलचंही तेच. ड्रायव्हरचंच निघालंय तर: दारावरचे गुटख्याचे ओघळ लगेच धुवायला सांगा. त्यातला चुना लॅकर खातो, कात डाग धरतो. मालक मागे बसतात म्हणून त्यांना उजव्या दाराची अवस्था माहीत नसते.

ठोकल्यावर दार रंगवून घेतलं. लगेच कोटिंग करायचं?

थांबा. गॅरेजमध्ये मारलेल्या रंगातलं थिनर आतून सुटायला वेळ लागतो. निदान एक महिना, शक्य असेल तर दोन. तोवर नुसतं पाण्यानं धुवा.

जुनी गाडी घेताना हेच मीटर कामाला येतं. बाकी गाडीभर १२० आणि एकाच दारावर २८० आलं, तर दार रंगवलंय. हजाराच्या पुढे गेलं तर आत पुट्टी भरलीय, मग चॅसिस नीट बघा. "एक्सिडेंटल नाही, आईची शपथ" म्हणून विकलेल्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर आम्ही दीड हजार पाहिलंय.

छताचा रंग पांढुरका पडून पापुद्रे निघायलेत. किती पॉलिश लागेल?

शून्य. लॅकर उन्हानं मेला आहे. पॉलिशला घासायला काही उरलेलं नाही. छत परत रंगवावं लागेल, पेंटरकडे जा.

कव्हर घातलेलं चांगलं ना?

बंद पार्किंगमध्ये, धुतलेल्या गाडीवर, उत्तम. उघड्यावर वाऱ्यात कव्हर फडफडतं आणि आतली धूळ दिवसभर घासत राहते. चार बांबू आणि शेडनेट त्यापेक्षा भारी. शेतकऱ्याला ती बाजारात कुठे मिळते हे सांगायला नको.

फोनवर भाव सांगा की.

गाडी पाहिल्याशिवाय नाही. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षीच्या दोन गाड्यांचं काम एकीचं सहा तासांचं आणि दुसरीचं वीस तासांचं निघतं. फोटो पाठवायचे असतील तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा. सावलीत काढलेल्या फोटोत सगळ्याच गाड्या नव्या दिसतात.

यायचं ठरलं. घरनं गाडी धुऊन आणू का?

नका. पुसूही नका. धुळीनं भरलेली, आहे तशी आणा. फक्त डिकीतलं खताचं पोतं, स्टेपनीखालचे कागद आणि डॅशबोर्डवरचा गणपती घरी काढून ठेवा. आणि सकाळी दहाच्या आत पोहोचा. उन्हाळ्यात जालन्याहून दुपारी आलेल्या गाडीचा पत्रा पाणी मारण्याजोगा गार व्हायलाच तास जातो.